वहीची आधीची पानं

प्रिय ताई,

मी इंदूरची. वय 46. सासर सुदामानगरात, माहेर रामबागेत. आम्ही तिघं भावंडं: दादा, मी आणि धाकटा. आई नऊ वर्षांपूर्वी गेली, बाबा गेल्या पौषात. शेवटचं दीड वर्ष ते अंथरुणावरच होते. दादा-वहिनींनी सगळं केलं. मी दुपारची जाऊन येत असे. धाकटा मुंबईला मालिका लिहितो. त्याचं तेव्हा कुठे लांब शूटिंग होतं, तो तिसऱ्या दिवशी पोचला.

गेल्या महिन्यात त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ टाकली. सिनेमाची पटकथा, 94 पानं, बाबांच्या तेरा दिवसांवर. आणि ती विनोदी आहे! खाली लिहिलंय, "वर्षश्राद्ध झालं की आपल्याच घरात शूट करू. बजेट नाहीये."

ताई, त्यात सगळं आहे. बाबांना न्यायला शववाहिका आली आणि समोरून गल्लीत कचरागाडी शिरली, तिचं गाणं काही केल्या बंद होईना, ते. पेपरात बाबांचा इतका जुना फोटो दिला की लोकांना वाटलं दादाच गेला, आणि उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, आलेले एक गृहस्थ दारात दादाला बघून पायरीवरच बसले, ते. दहाव्याला नर्मदेवर, खेडीघाटावर, कावळा शिवेना. दादा म्हणाला घर विकणार नाही, वहिनी म्हणाली तुमच्या तुळशीला रोज पाणी घालीन, मी म्हणाले दर श्राद्धाला येईन, तरी कावळा ढिम्म. शेवटी माझ्या मुलानं कंटाळून बडवाहला घेतलेली चिवड्याची पुडी फोडली आणि कावळा आला, तेही आहे. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

दादाचं पात्र सिनेमाभर एक वही घेऊन फिरतं आणि लाडू मोजतं. वही खरी आहे. दादानं बाबांच्या औषधपाण्यासाठी केलेली, उरलेल्या पानांवर त्यानं तेराव्याचा हिशोब लिहिला. माझं पात्र बाबांची कवळी शोधतं. तेही खरं. कवळी नव्हती म्हणून बाबांचं तोंड बसलं होतं, ते बाबांसारखे दिसत नव्हते, आणि मी सगळ्यांना खोळंबून ठेवलं होतं. ती मिळाली नाही ती नाहीच.

दादा भडकलाय. "बापाचा तमाशा मांडतोय. कॅमेरा घरात आला तर पोलीस बोलावीन, कोर्टात खेचीन." मला विचारतो, "तू कोणाकडून?" धाकटा म्हणतो, "दादाला विनोद कळत नाही, तूच समजाव." मी ते सगळं रात्री एकटीनं वाचलं, पोट दुखेपर्यंत हसले, आणि मग दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटेना. असं हसणारी मुलगी कसली?

काय करू?

— मधली, इंदूर

ता. क. कवळी मला नंतर सापडली. बाबांच्या स्वेटरच्या खिशात होती. माझ्या कपाटात आहे. कोणाला सांगितलेलं नाही.

प्रिय मधली,

तुमचं पत्र वाचताना मीही हसले, हे आधी सांगून टाकते. दादांना जिवंत बघून पायरीवर बसलेल्या त्या गृहस्थांपाशी तर पत्र खाली ठेवावं लागलं. मग ता. क. आला, आणि ते पुन्हा उचलायला थोडा वेळ लागला.

असं हसणारी मुलगी कसली, या प्रश्नाचं उत्तर भरतमुनींनी फार पूर्वीच देऊन ठेवलंय. नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यातलं पाचवं, अपहसित, म्हणजे भलत्या जागी आलेलं हसू. डोळ्यांत पाणी, खांदे हलतायत, डोकं हलतंय. वाचताना मला खेडीघाटावरची तुम्ही मंडळीच दिसली. मुनींनी हे हसू अधम पात्रांच्या पदरात टाकलंय, ते सोडून द्या. त्यांना कधी दहाव्याला उन्हात उभं राहून कावळ्याची मनधरणी करावी लागली नसणार. पण त्याच अध्यायातली दुसरी एक गोष्ट मला फार पटते. करुण रस येतो कशातून? रौद्रातून, असं ते म्हणतात. मी हे उलट्या बाजूनंही वाचते: ज्या घरात करुण आहे तिथे रौद्रही जवळपास कुठेतरी बसलेला असणार. तुमच्याकडे तो सध्या दादांच्या खोलीत आहे.

माझी गोष्ट सांगते. मी मूळची ग्वाल्हेरची, लश्करातली. वडील गेले त्याच्या पाचव्या दिवशी एक बाई आल्या. ओळखीच्या वाटेनात, पण अशा दिवसांत कोण कोणाला विचारतं? माझे दोन्ही हात धरून त्या वीस मिनिटं रडल्या. "फार सोसलं हो," म्हणाल्या. मीही रडले. मग डोळे पुसून इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "सूनबाई कुठे दिसत नाहीत?" आमच्याकडे तेव्हा सूनच नव्हती. बाई मागच्या गल्लीतल्या घरी निघाल्या होत्या. चूक लक्षात आल्यावर त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि दारापर्यंत जाऊन अगदी सहज वळून विचारलं, "मग तुमच्याकडे कोण?"

मी आणि माझा भाऊ कोठीच्या खोलीत शिरलो, दार लावलं आणि तोंडात गोधडीचं टोक कोंबून हसलो. आत्यानं पकडलं. "लाज नाही वाटत?" वाटली. पुढची कित्येक वर्षं वाटत राहिली. आता भाऊ लांब असतो, महिन्यातून दोनदा फोन होतो. वडिलांबद्दल आम्ही कधी नीट बोललेलो नाही, दोघांनाही ते जमत नाही. पण फोन ठेवताना त्याच्याकडून किंवा माझ्याकडून एक वाक्य येतंच: "मग तुमच्याकडे कोण?" वडिलांच्या जाण्याबद्दल आमच्या दोघांच्या मालकीचं तेवढं एकच वाक्य आहे. तेव्हा हसलात याची टोचणी नको. घाटावर जे हसलात ते तुम्हा सगळ्यांचं होतं. भांडण ते हसू कागदावर कोणी उतरवलं आणि कुठून बघून उतरवलं, याचं आहे.

दादांच्या "तमाशा" या शब्दाकडे येते. मरणावर हसवणं हे काही धाकट्यानं मुंबईहून आणलेलं खूळ नाही. 1974 साली पुण्यात सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं. त्यात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात आणि मला जुन्या स्मशानातच जाळा म्हणून अडून बसतात. मराठी प्रेक्षक त्याला हसला, आणि कीर्तनाच्या त्या ठेक्यात आपलंच घर ओळखून गप्पही झाला. हिंदीत 2021 मध्ये सीमा पाहवांचा 'रामप्रसाद की तेरहवी' आला: लखनौचं घर, बाप गेलेला, मुलं-सुना-जावई गोळा झालेले, सगळ्यांच्या तोंडी आपापली गाऱ्हाणी आणि मधोमध एकटी पडलेली आई. दोन्हींत हसू गेलेल्याची टर उडवून काढलेलं नाही. मागे राहिलेल्यांची जी त्रेधा उडते त्यातून ते येतं.

आणि येणारच. आपले तेरा दिवस म्हणजे लेखकाला आयतं नेपथ्य. एरवी दिवाळीलाही एका छपराखाली न टिकणारी माणसं सुतकात अडकून पडतात. बाथरूम एक, गाद्या कमी. तिसऱ्याला हे, दहाव्याला ते, तेराव्याला अमुक, असं सगळ्याचं वेळापत्रक ठरलेलं, आणि रडू मात्र कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. ज्या क्षणी यायला हवं तेव्हा कोरडं ठणठणीत, आणि अकराव्या दिवशी भाजीवाल्यानं "बाबूजी दिसत नाहीत" म्हटलं की रस्त्यात बांध फुटतो. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही, तिथे विनोद होतो. कचरागाडीला काय ठाऊक आज कोणाच्या दारात काय उभं आहे? तिची वेळ झाली, ती आली. स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर असाच आलेला नाही.

म्हणजे धाकट्याच्या विनोदाची जात चुकलेली नाही. मला दुसरीच शंका आहे.

तुमच्या पत्रात जेवढी पटकथा आलीय तेवढ्यातली पात्रं मी मोजली. दादा, वहिनी, तुम्ही, तुमचा मुलगा, पायरीवरचे गृहस्थ, कावळा. तिसऱ्या दिवशी पोचलेला धाकटा मुलगा कुठे आहे? घाटावर कोणी काय कबूल केलं ते तुम्ही एकेक करून लिहिलंत. तेव्हा तोही तिथेच होता ना? त्यानं काय कबूल केलं? ते तुम्ही लिहायचं राहिलं, की त्याच्या 94 पानांतच नाही? मी पटकथा वाचलेली नाही, तेव्हा पुन्हा एकदा चाळून बघा. नसेल, तर दादांना राग कशाचा आलाय ते मला कळतं, आणि बहुधा त्यांना स्वतःलाही ते नीट सांगता येत नसावं. ज्या घरातले सगळे हास्यास्पद आहेत आणि लिहिणारा तेवढा कोपऱ्यात उभा राहून बघतोय, तिथलं हसू मी उपहसित म्हणेन. भरताच्या यादीत ते चौथं.

पण थांबा, धाकट्याला इथेच फटके मारून मोकळं व्हायला नको. तारखा बघा. बाबांना नेलं तेव्हा तो नव्हता. म्हणजे कचरागाडी त्यानं पाहिलेली नाही. कवळीची शोधाशोध पाहिलेली नाही. मग त्याला सांगितलं कोणी? माझा अंदाज तुम्हीच. सुतकातली एखादी रात्र, गच्ची, पौषाची थंडी, एका शालीत दोघं, आणि तुम्ही त्याला पहिल्या दिवसाचं सगळं सांगत बसला असाल. तो ऐकत होता. जो दिवस त्याला मिळाला नाही तो तुमच्याकडून वेचून घेत होता. 94 पानं लिहून हा मुलगा पहिल्या दिवशी घरी पोचू बघतोय. फक्त लिहिताना त्याला आपण उशिरा आलो हे लिहायची लाज वाटली असावी, म्हणून त्यानं स्वतःला गाळलं. आणि स्वतःला गाळल्याबरोबर जे खरोखर हजर होते त्यांची बाहुली झाली.

आता वही.

तुमच्या सबंध पत्रातलं माझ्या मनात अडकलेलं वाक्य तेच: औषधपाण्यासाठी केलेली वही, उरलेल्या पानांवर तेराव्याचा हिशोब. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घरात असतं तिथे ही वही असतेच. दोनशे पानी, दोऱ्यानं बांधलेलं पेन, कोपरे मुडपलेले. सकाळची साखर, जेवणानंतरची साखर, वरचा आणि खालचा दाब, पिशवीत लघवी किती, शौचाला झाली की नाही, कुठली गोळी संपत आली. आणि कूस. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. रात्री 2, उजवी. पहाटे 4, डावी. दिवसाला बारा वेळा धरा आणि दीड वर्षाचा गुणाकार करा. साडेसहा हजारांवर जातो. दादा, वहिनी, कोणी मदतनीस असेल तर तो, सगळ्यांत वाटून घ्या. तरीही.

जो माणूस दीड वर्ष दर दोन तासांनी काहीतरी लिहून ठेवत आला, तो बाबा गेल्यावर त्या वहीचं काय करणार? बंद करून ठेवणार? त्यानं पान उलटलं आणि लाडू लिहायला घेतले. बुंदीचे किती आले, किती वाढले, किती उरले. हात थांबत नव्हता हो त्यांचा. बाहेरून आलेल्याला ते चिक्कूपण दिसलं असणार, आणि मान्य करू या, दिसायला ते विनोदीच आहे. लाडवांचे सीन काढून टाक असं मी मुळीच म्हणणार नाही. पण धाकट्याच्या हाती वहीची शेवटची दहा पानं लागली आणि त्यानं तेवढ्यावर पात्र उभं केलं. आधीची पानं त्यानं उघडलेली नाहीत. सिनेमा तिथे आहे.

आणि दादांना विनोद कळत नाही हे मला पटत नाही. पेपरला तो जुना फोटो कोणी दिला? थोरला म्हणून त्यांनीच दिला असेल. घरात अलीकडचा फोटो नव्हता असं होत नाही, मोबाइल भरलेले असतात. दीड वर्ष जे तोंड रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसलं ते छापावंसं वाटलं नसेल त्यांना. आपल्या लहानपणीचे, काळ्या केसांचे, स्कूटरवाले बाबा लोकांनी बघावेत असं वाटलं असेल. त्याचा परिणाम म्हणून लोक दादांनाच श्रद्धांजली वाहायला आले, हा विनोद दादांनीच करून ठेवलाय, न ठरवता. तुम्ही कवळी शोधत सगळ्यांना खोळंबून ठेवलंत आणि त्यांनी जुना फोटो दिला. दोघं भावंडं एकच काम करत होता.

तर करायचं काय?

तू कोणाकडून, या प्रश्नाला उत्तर देऊ नका. घराची बाजू एकदा सरळ करून घ्या, कारण दादा घरात कॅमेरा येऊ देणार नाही म्हणतायत आणि धाकटा "आपल्याच घरात" म्हणतोय. घर बाबांच्या स्वतःच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, आई आधीच गेलेली असल्यामुळे, तुम्हा तिघांचा सारखा वाटा आहे. मुलगी म्हणून तुमचा तसूभरही कमी नाही. तेव्हा तुम्ही पंच नाही, तिसऱ्या हिश्शाच्या मालकीण आहात, आणि कॅमेरा आत येणार की नाही यात तुमचंही मत मोजायचं आहे. कोर्टाचं म्हणाल तर गेलेल्या माणसाच्या बदनामीची तरतूद कायद्यात आहे खरी, पूर्वी दंडसंहितेच्या 499 व्या कलमात होती, आता न्याय संहितेच्या 356 व्यात आहे. पण त्यात हेतू नातेवाइकांना दुखवण्याचा होता हे दाखवावं लागतं. भावाविरुद्ध ते सिद्ध करायला वकील लावणं म्हणजे बाबांच्या नावानं आणखी एक वही उघडणं. दादा ते करणार नाहीत. राग बोलतोय.

वहिनींना मात्र विचारा. सबंध पत्रात त्यांच्या वाट्याला आलीय ती कावळ्याला दिलेली तुळशीची कबुली. कायद्यानं सासऱ्यांच्या घरात सुनेचा वाटा नाही, पण वळवणाऱ्या हातांत दोन हात त्यांचे होते. त्यांना पटकथा कोणी वाचून दाखवलीय का? वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी घरात दिवे लागणार, स्वयंपाकघरात तीस माणसांचा चहा होणार, आणि तेच तेरा दिवस पुन्हा, या खेपेला रीटेकसह. माझं मत विचाराल तर सिनेमा व्हावा, पण या जानेवारीत नको आणि बाबांच्या खोलीत तर नकोच. बजेट नाही हे कारण मला पुरत नाही. रामबागेत तशा जुन्या घरांचा अजून दुष्काळ पडलेला नाही. कोणाचं तरी मागावं, भाडं द्यावं.

धाकट्याशी फोनवर बोला, ग्रुपवर नाही. दादाला वाईट वाटलंय, असं सांगू नका. लेखकाला ते ऐकून थोडं बरंच वाटतं, आपण काहीतरी धारदार लिहिलंय असं वाटून. त्याला त्याच्याच धंद्याच्या भाषेत विचारा: "तुझं पात्र कुठे आहे?" तो म्हणेल, गरज नाही. तेव्हा विचारा, "तिसऱ्या दिवशी तू रिक्षातून उतरलास तेव्हा दार कोणी उघडलं? पहिलं वाक्य काय बोललास?" गप्प होईल. तुम्हीही गप्प राहा. मधली भावंडं अशा जागी पटकन काहीतरी बोलून समोरच्याला सोडवतात, तसं करू नका. आणि घाटावर त्यानं मनातल्या मनात काय कबूल केलं होतं, तेही विचारा. कावळा आला चिवड्याला, हे मला मान्य आहे. कावळा हुशार पक्षी आहे, गर्दी असली की लांबून अंदाज घेत बसतो, आणि चटकदार काही दिसलं की धीर करतो. पण चिवडा फुटायच्या आधी धाकटा काय म्हणाला ते कोणालाच माहीत नाही, आणि मला सिनेमात तेच बघायचंय.

दादांकडे वही मागा. त्यांच्याकडूनच मागा, कपाटातून परस्पर काढू नका, फोटो काढून पाठवू नका. ते नाही म्हणतील, तर तसं. हो म्हणाले तर धाकटा श्राद्धाला येईल तेव्हा ती त्यांनीच त्याच्या हातात द्यावी. समजावणं, मध्यस्थी, "दोघंही आपापल्या जागी बरोबर" यातलं काही करू नका. वही वाचायला वेळ लागतो. अक्षर मध्यरात्रीचं असेल, लागायचं नाही, आणि मग धाकट्याला विचारावं लागेल, "दादा, हे काय लिहिलंयस?"

राहता राहिली कवळी. तिचं विसर्जन करावं असं तुमच्या मनात येऊन गेलं असेल. नर्मदेत सोडू नका, ॲक्रिलिक आहे ते, विरघळणार नाही, आपल्यानंतरही तिथेच राहील. आपल्या इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यायचा असतो. कवळी कुठल्या डब्यात घालायची हा प्रश्न कचरागाडीवाल्या भियाला विचारून बघायची माझी फार इच्छा आहे, पण तुम्ही विचारू नका. ठेवा ती. बापाची कवळी कपाटात ठेवण्यात काहीही वावगं नाही. लोक कवटाळून ठेवतात त्या पुष्कळ गोष्टींपेक्षा ती कमी जागा घेते.

लपवून मात्र ठेवू नका. सापडली तेव्हा तुम्ही सांगू शकला नाहीत, कारण तोवर बाबा तसेच, बसलेल्या तोंडानं गेले होते. तुम्ही सगळ्यांना थांबवलंत तरी उपयोग झाला नाही, आणि ती सबंध वेळ हाताच्या अंतरावर, खुंटीवरच्या स्वेटरात होती. हे कोणाला तरी सांगायलाच हवं. ते सांगायचं माणूस धाकटा नाही. दीड वर्ष रोज रात्री जो ती कवळी वाटीत बुडवून ठेवत होता आणि सकाळी धुऊन घालत होता, त्याला आधी दाखवा. एकट्याला. काय बोलायचं त्याचा विचार करून जाऊ नका, डबी पुढे ठेवा. दादा चिडतील, रडतील की हसतील हे मला सांगता येणार नाही.

ता. क. छापू का, असं मी तुम्हाला कळवून विचारलं होतं. "छापा, दादा इंटरनेटवर काही वाचत नाही," असं तुमचं उत्तर आलं. दादा नसतील वाचत. धाकटा वाचतो, हे काय तुम्हाला ठाऊक नाही? लेखक आहे तो, असलं काहीच सोडत नाही. हा मजकूर त्याच्या हाती लागेपर्यंत फार तर आजची संध्याकाळ आहे. डबी पर्समध्ये टाका आणि दिवेलागणीच्या आत रामबागेत पोचा.